मैदानाकडे पाठ

बेळगावच्या कॅम्पातल्या मैदानावर टेनिस बॉलचे सामने चालले होते आणि सगळी माणसं खेळाकडे बघत होती. एकच गृहस्थ सीमारेषेवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. खेळाकडे त्याची सपशेल पाठ. डोक्यावर निळी टोपी, अंगात चारी खिसे फुगलेलं जॅकेट, गळ्यात शिट्टी. मी आधी मिशीवरून हात फिरवला, मग शर्टाची बटणं तपासली, मग मागे वळून पाहिलं, की माझ्यामागे कुणी मोठा माणूस येऊन बसलाय का. कुणी नव्हतं. तेवढ्यात षटकार गेला, सगळं मैदान उठलं आणि हा माणूस चेंडूकडे न बघता माझ्या अंगावर ओरडला, "ओ निळा शर्ट! उठू नका! तुमच्या बाकाचा खिळा निघालाय!"

खिळा निघालाच होता. माझ्या पँटला तो आधीच सापडला होता.

हे प्राजूचे सर. बेळगावातल्या एका कॉलेजात क्रीडा व्यवस्थापनाचा नवा कोर्स निघाला होता आणि आमच्या कन्येने तिथं नाव घातलं होतं. खेळायला नव्हे, खेळ भरवायला शिकायचं. सामने ठरवायचे, मैदान उभं करायचं, प्रेक्षक आणायचे आणि ते धडधाकट परत घरी पोचवायचे. मी गावाबाहेर मच्छेच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. नट-बोल्ट सांभाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि उरलेलं अर्धं ते का सांभाळायचे हे स्टोअरमधल्या नव्या पोरांना समजावण्यात. पाहुण्यांत हा कोर्स सांगताना माझी जीभ अडखळायची. निपाणीचा माझा मेहुणा म्हणाला, "म्हंजे पीटीच्या बाई हुणार म्हणा की." मी नाही म्हणालो आणि मग पुढं काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून "तसंच काहीतरी" म्हणालो. हे प्राजूला कळलं तेव्हा ती माझ्याशी एक दिवस बोलली नाही.

सर एका जागी राहत नसत. सध्या ते हुबळीकडे असतात असं ऐकतो, पण हे छापून येईपर्यंत तिथं असतील याची खात्री मी देणार नाही. त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न "कुठं हाय?" आणि आपण कुठं आहोत ते सांगेपर्यंत ते स्वतः जिथं होते तिथून हललेले. चहासुद्धा उभ्याउभ्या नव्हे, चालताचालता. टपरीवरून कप घ्यायचा, मैदानाला फेरी मारायची आणि परतीच्या वाटेवर कप टपरीवर ठेवायचा. टपरीवाला सांगायचा, "सरांचा कप एकदा खासबागेतनं परत आलता." खासबाग म्हणजे बेळगावातला आमचा भाग, कॅम्पापासून चांगलाच लांब. त्यांच्याबरोबर थोडा वेळ घालवला की आपलेही पाय शिवशिवायला लागत. मी तर घरी आल्यावर जेवणाच्या ताटाभोवती घुटमळायचो आणि आमची ही म्हणायची, "बसा की ओ आता, वाढलंय न्हवं?"

वर्गात त्यांचा जीव घुसमटायचा. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं, ते अर्धवट ठेवलं, खडू खिशात टाकला आणि म्हणाले, "चला." मुलं वह्या घेऊन उठली. "वह्या कशाला? चपला घाला." आणि सगळ्यांना एका शाळेच्या क्रीडामहोत्सवात नेऊन मुतारीच्या रांगेत उभं केलं. दुपारभर. कुठं रांग तुंबते, माणूस कुठून चिडायला लागतो, पहिला धक्का कुठल्या कोपऱ्यात बसतो, हे रांगेत उभं राहून शिकायचं. प्राजू घरी येऊन हात धूत धूत म्हणाली, "बाबा, आज आमचं पहिलं लेक्चर झालं." मी आत जाऊन फीची पावती पुन्हा एकदा वाचली.

परीक्षाही तशीच. एकदा मुलांनी फुटबॉलचा सामना भरवला होता. ऐन रंगात मैदानात शेळी शिरली. मुलं शेळीमागे, शेळी गोलपोस्टमागे, खेळाडू हसून हसून खाली बसलेले. एकाने तर पंचांची शिट्टी घेऊन शेळीला फाउल दिला. प्राजू मात्र शेळीकडे गेलीच नाही, ती शेळीवाल्याला शोधत गेली. कुंपणापलीकडे एक म्हातारी उभी होती. तिने "ये गं बये" म्हणून हाक मारली आणि शेळी सरळ चालत बाहेर गेली. मग कळलं की म्हातारीला शेळीसकट सरांनीच बोलावून आणलं होतं आणि ती प्रात्यक्षिक परीक्षा होती. शेळीमागे धावलेल्यांना सर म्हणाले, "जनावर हुडकू नका रं, मालक हुडका. मैदानात जे काय शिरतंय त्याला मालक असतोय."

मला त्यांनी कसं धरलं तेही सांगतो. मी प्राजूचा डबा द्यायला गेलो होतो.

"तुमी कोण?"

"प्राजूचा वडील."

"ते झालं हो. काम काय करता?"

"स्टोअरला असतो."

"मग हितं काय उभा ऱ्हायलाय? पाण्याचे बॉक्स मोजून कुणी ठेवले न्हाईत. या की!"

तेव्हापासून रविवार माझा राहिला नाही. शाळेत असताना मी कबड्डीच्या संघात बदली खेळाडू होतो आणि तीन वर्षांत कुणीही जखमी झालं नाही, त्यामुळे मैदानात उतरायचा योग आला नव्हता. तो असा आला. पाण्याची टाकी हे माझं खातं झालं. गळ्यात ओळखपत्र घालून मी टाकीशेजारी उभा राहिलो की मला उगीचच ऑलिंपिकची जबाबदारी आपल्यावर आहे असं वाटायचं. एकदा कारखान्यातला साहेब सामना बघायला आला आणि मी त्याला "रांगेत या" म्हणालो. सोमवारी त्याने मला तेच म्हटलं.

आणि दर वेळी सर तसेच, मैदानाकडे पाठ करून. गोल झाला, विकेट पडली, पोरं एकमेकांना मिठ्या मारतायत, हा माणूस प्रेक्षकांकडे बघतोय. मुलांनाही त्यांनी तेच लावलं होतं. जो खेळाकडे बघताना सापडेल त्याने संध्याकाळी सगळ्या खुर्च्या उचलायच्या. प्राजूला सुरुवातीला फार जड गेलं. मागून आवाज उठला की तिची मान आपोआप वळायची. मग सवय झाली. घरी टीव्हीवर सामना लागला तरी ती आमच्या तोंडाकडे बघत बसायची. आमची ही वैतागून म्हणाली, "ही पोरगी आमची राखण करतीया व्हय?" मुलं म्हणायची, सरांची ही खास पद्धत आहे, असं कुठल्याच पुस्तकात नाही. मीही पाहुण्यांत सांगायला लागलो होतो. निदान पीटीच्या बाईपेक्षा सांगायला बरं.

कोर्स संपत आला तेव्हा आमच्या घरात ओढाताण सुरू झाली. प्राजूला बेंगळुरूच्या एका स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीत शिकाऊ म्हणून जायचं होतं. मला तिने बँकेची परीक्षा द्यायला हवी होती. खानापूरकडच्या आमच्या शेतातून उठून शहरात आलेला मी पहिला. महिन्याच्या ठरल्या दिवशी पगार होणं ही गोष्ट मला अजूनही जत्रेसारखी वाटते. शेवटी तोडगा निघाला. शेवटचं प्रात्यक्षिक म्हणून निपाणीजवळच्या एका गावच्या यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान सरांनी मुलांकडे घेतलं होतं आणि प्राजू त्याची प्रमुख होती. मैदान नीट पार पडलं तर बेंगळुरू. काही गडबड झाली तर बँकेचा क्लास, आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. प्राजूने माझ्या हातावर टाळी दिली. त्या टाळीनंतर आठवडाभर मी धड झोपलो नाही. गडबड व्हावी अशी इच्छा करावी की होऊ नये अशी, हेच ठरेना.

पहिलीच बैठक मजेशीर झाली. मुलांनी छापील वेळापत्रक नेलं होतं. पहिल्या क्रमांकाची, म्हणजे शेवटची मोठी कुस्ती, पंधरा मिनिटं, मग बक्षीस समारंभ. यात्रा कमिटीचे आप्पा, पांढरा पटका, हातात काठी, त्यांनी ते वाचलं आणि शेजारच्याला दाखवलं. मग सगळी कमिटी हसायला लागली.

"बाई," आप्पा म्हणाले, "पंधरा मिन्टांत कुस्ती सुटली न्हाय तर काय करायचं?"

"थांबवायची," प्राजू म्हणाली.

"आगं, ही काय एष्टी हाय व्हय, टायमावर सुटायला? आमच्या गावात पैली कुस्ती निकाली असतीया. एकजण चीत हुईस्तवर कुणी उठत न्हाय. मागं बरोबरीत सोडवली तवा लोकांनी पंचाला टमटममदी चढू दिलं न्हवतं."

प्राजूने सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. "तू प्रमुख हैस," एवढंच म्हणाले. तिने वेळ खोडली. कुस्त्यांच्या दिवशी सगळ्यांना कामं वाटली तीही तिनेच, आणि सरांनाही काम दिलं. लोखंडी पाइप आणि फळ्यांची गॅलरी उभी केली होती, ती सरांकडे. किती माणसं चढतात, पाइपांचे पाय जमिनीत बसतात का, हे बघायचं. सर खूश झाले. "आज मी हिच्या हाताखाली," असं सगळ्यांना सांगत फिरले.

मैदान भरलं. हौद्यातली तांबडी माती तेल-ताक घालून मऊ केलेली, भोवती माणसांचं रिंगण, हलगी कडाडतेय, आणि निवेदक एक वाक्य मराठीत नि एक कन्नडमध्ये असा दोन्हीकडच्या लोकांना खूश ठेवतोय. पहिल्या क्रमांकाला एक पैलवान कोल्हापूरकडचा, दुसरा धारवाडकडचा. आता भांडण होणार म्हणून मी टाकीला चिकटून उभा राहिलो. पण कोल्हापूरवाल्याच्या बाजूने घसा बसेपर्यंत ओरडणारा माझ्याशेजारचा माणूस कन्नडमधून ओरडत होता, आणि त्याचा सख्खा भाऊ धारवाडवाल्याला मराठीतून चेव देत होता. सीमाभाग कळला असं ज्याला वाटतं त्याला मी त्या टाकीजवळ उभा करीन.

कुस्ती लांबली. उन्हं उतरली. दोघांची खडाखडी चाललेली, हात मानेवर, कपाळाला कपाळ. एकाने पाय धरून पट काढायचा, दुसऱ्याने निसटायचं. हलगीवाले चेकाळले होते. सगळं मैदान टाचा उंचावून पुढं झुकलेलं, माझ्या टाकीचा नळ कधीचा वाहतोय याचंही मला भान नव्हतं. आणि त्या एवढ्या गर्दीत प्राजू एकटी उलटी उभी होती. ती गॅलरीकडे बघत होती. मग तिने डोकं जरा तिरकं केलं, भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की माणूस करतो तसं.

गॅलरीच्या एका टोकाची डोकी खाली गेली होती. फार नाही, बोटभर.

ती निवेदकाकडे धावली. तो माइक सोडीना. "निकाली हाय ओ ताई, मारतील मला!" मग तिने जे केलं ते मला सात जन्मांत सुचलं नसतं. ती हलगीवाल्यांकडे गेली आणि पुढच्या हलगीवर तळहात ठेवला. हलगी थांबली. दुसऱ्यानेही हात आखडला. एवढा गदारोळ, पण हलगी थांबल्याबरोबर सगळी माणसं एकदम गप्प झाली, झोपेतून उठवल्यासारखी. निवेदक तोंड उघडं टाकून उभा होता, तेवढ्यात माइक तिच्या हातात.

"गॅलरीतल्यांनी मागच्या ओळीपासून खाली उतरा. सावकाश. ढकलू नका." मग तेच कन्नडमध्ये.

शिव्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. पण माणसं उतरली. फक्त एक माणूस सगळ्यात वरच्या फळीवर उभा राहिला. गॅलरी, पाइप, माणसं, काही त्याच्या गावीच नव्हतं. हौद्यातल्या पैलवानांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं, ते एकमेकांना धरूनच होते, आणि हा माणूस हवेत दोन्ही हात नाचवत पैलवानाला डाव सांगत ओरडत होता, "ढाक लागतीया! ढाक लागतीया रं! सोडू नको!"

ते आमचे सर होते. तोंड मैदानाकडे.

मी टाकीजवळून हाक मारली. ऐकू जाणं शक्यच नव्हतं. प्राजूने माइक तोंडाजवळ नेला. गुरुजींना सगळ्या मैदानासमोर काय म्हणायचं?

"गॅलरीतले निळ्या टोपीवाले," ती म्हणाली, "खाली उतरा. तुमच्यामुळं सगळं मैदान थांबलंय."

मैदान हसलं. सरांनी इकडंतिकडं पाहिलं, निळी टोपी कुणाची ते शोधलं, मग स्वतःच्या डोक्याला हात लावला. आणि उतरले. ते उतरता उतरता त्या टोकाचा पाइप कर्रकन वाजला आणि आणखी वीतभर जमिनीत बसला. एवढंच. कोसळलं काही नाही. माझ्या वाहत्या नळाचं पाणी त्या बाजूला गेलं होतं की टाकी भरायला आलेल्या टँकरचं, याची चौकशी मी केली नाही.

पण काही कोसळलं नाही हेच नडलं. "कुटं पडली वो गॅलरी?" लोक म्हणायला लागले. "उगंच हलगी थांबवली." तोवर अंधारून आलं, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि दोन्हीकडची माणसं एक होऊन आमच्यावर खवळली. आप्पा काठी टेकत आले. "बाई, पुढल्या साली तुमी नको," म्हणाले आणि गेले. सर कुठं दिसले नाहीत. परतताना गाडीत प्राजू खिडकीकडे तोंड करून बसली होती. वाटेतली यमकनमर्डी मागे पडली तेव्हा म्हणाली, "बाबा, गडबड झाली. क्लास कधी सुरू होतोय?"

जिंकलेला माणूस म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी काच खाली केली, वर केली, परत खाली केली.

क्लास सुरू व्हायच्या दिवशी सकाळी सर खासबागेत आमच्या दारात हजर. हिने चहा आणला, तो हातात घेऊन त्यांची अंगणात येरझार सुरू.

"पोरगी कुटं हाय? बेंगळुरूची माणसं आज कॉलेजात येणार. धाची येळ दिलीया."

"ती बँकेच्या क्लासला निघालीय," मी म्हणालो. "आमचं तसं ठरलं होतं. गडबड झाली तर..."

"गडबड? तिची?" ते थबकले. "पाव्हणं, गॅलरी कुणाकडं हुती? माज्याकडं. तिनं एकच काम दिलं मला. तेवढं झालं न्हाय."

"पण तुम्ही तर कधीच खेळाकडं बघत नाही."

सरांनी अंगणात आणखी एक फेरी मारली. "का बघत न्हाय, ते कधी इचारलं व्हय कुणी? पोरं म्हणतात, सरांची पद्धत. कसली पद्धत! मला एकदा बघाय लागलं की सुटत न्हाय ओ. घरदार आठवत न्हाय. बायकोला दवाखान्यात न्यायचं सोडून मी एकदा कुस्ती बघत बसलोय. तिचा भाऊ घिऊन गेला तिला. तवापासनं पाठ करून उभा ऱ्हातो. एवढी वर्सं निभावलं. परवा त्या वरच्या फळीवर चढलो, वाटलं, गर्दी नीट दिसंल. आन् नेमकी खडाखडी दिसली." मग एकदम खालच्या आवाजात, "ते तिच्या नावावर धरू नका."

मी काही म्हणणार तेवढ्यात सरांचा चेहराच बदलला. कप त्यांनी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला.

"पर मला एक सांगा. तुमी टाकीपाशी हुता, तुमास्नी सरळ दिसत हुतं. धारवाडवाल्याचा उजवा हात कुटं हुता? मानंवर का काखंत?"

"काखेत," मी म्हणालो. मला बिलकूल आठवत नव्हतं.

"काखंत? मग ढाक कशी बसंल? उभं ऱ्हावा जरा." आणि त्यांनी माझी मान धरली. "तुमी कोल्हापूर. हात घाला हितं. आसं न्हवं, आसं!"

मी हात घातला. का घातला, विचारू नका. शाळेत न मिळालेली संधी असेल. सरांचा पाय माझ्या पायामागे आला, माझी चप्पल निघाली, आम्ही दोघे पन्नाशीतले गृहस्थ अंगणात गोल फिरायला लागलो. "आता तुमी जोर लावा!" सर धापा टाकत म्हणाले. "लावतोय की!" मी म्हणालो. "अवो कंबर! तुमची कंबर!" ही दारातून ओरडली. शेजारचे भिंतीवरून बघायला लागले आणि त्यातल्या एकाने शिट्टी मारली.

तेवढ्यात प्राजू हेल्मेट घालून बाहेर आली. खांद्याला बॅग, हातात स्कूटरची किल्ली.

"काय चाललंय?"

"निकाल लावालोय," सर म्हणाले.

तिने एकदा आमच्याकडे, एकदा फाटकाकडे पाहिलं. "बाबांचा पाय पायरीच्या काठावर आलाय. सर, आधी तुम्ही सोडा. बाबा, तुम्ही मग मागं सरका. गाडी काढायचीय, वाट मोकळी करा."

सरांनी सोडलं. मी मागं सरकलो. ती म्हणाली त्याच क्रमाने, मुकाट्याने. आवाज चढवला नव्हता तिने, तरी भिंतीवरची डोकीसुद्धा खाली गेली. मी चप्पल शोधत शोधत विचारलं, "कुठं निघालीस?"

"क्लासला. ठरलंय ना आपलं."

"कसली गडबड झालीय म्हणून क्लास?" मी म्हणालो. मान अजून सरांच्या पकडीतून सुटल्यासारखी वाटत नव्हती, त्यामुळे आवाज जरा बारीक निघाला. "गडबड यांच्याकडून झाली. काहीशी माझ्या नळाकडून. तू त्यात कुठं आहेस? बेंगळुरूची माणसं दहाला कॉलेजात येतायत."

हेल्मेटच्या काचेतून तिचे डोळे नीट दिसत नव्हते. मग तिने स्कूटर फाटकाबाहेर काढली. क्लास शहापूरला होता, आमच्या बोळातून डावीकडे. स्कूटर उजवीकडे, कॅम्पातल्या कॉलेजाच्या दिशेने वळली.

सर समाधानाने मान हलवत माझ्याशेजारी उभे होते. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, कपाळावर हात मारला आणि टोपी धरून बोळातून पळत सुटले. "आगं थांब की! त्या बेंगळुरूवाल्यांस्नी म्याच बोलावलंय!"